ठोका शिकागोचा, गाणं खान्देशचं: हाउस संगीत पायांना नाचवतं कसं?

लग्नसराईत भुसावळपासून शिरपूरपर्यंत कुठलंही गाव घ्या. नवरदेवाच्या मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर अहिराणी गाणं लागतं. शब्द इथले, गळा इथला, थट्टामस्करीही इथलीच. त्या गाण्याखाली जो सरळ, न थकणारा ठोका चाललेला असतो, तो मात्र बहुतेक वेळा शिकागोहून आलेला असतो.

शिकागोत १९७७ साली ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब सुरू झाला. तिथे फ्रँकी नकल्स हा डीजे रेकॉर्ड वाजवायचा आणि नाचायला येणारे बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण असायचे. सरळ ठोक्याच्या या नाचाच्या संगीताला ‘हाउस’ हे नाव त्या क्लबवरूनच पडलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पुढे रोलँड या जपानी कंपनीने १९८३ साली टीआर-९०९ हे तालयंत्र बाजारात आणलं. ते फारसं खपलं नाही आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. पैसे नसलेल्या पोरांनी ते उचललं, आणि त्यातून जो आवाज घडला तो आज जगभर वाजतो आहे. मला ही संगीतातली फार मोठी गोष्ट वाटते. माझी आवडती गाणी तुमच्यापर्यंत पोचवावीत आणि ती शरीरावर नेमकं काय करतात तेही सांगावं, म्हणून हा लेख.

आधी वेग पाहू. हाउसची गाणी साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांवर चालतात. १२० म्हणजे सेकंदाला दोन, दर अर्ध्या सेकंदाला एक. हा आकडा कुणी ठरवून निवडलेला नाही. हॅमिश मॅकडुगल आणि स्टीव्हन मूर यांनी माणसांच्या अंगावर दिवसभर हालचाल मोजणारी यंत्रं बांधून पाहिली. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की चालण्याफिरण्यातली माणसाची हालचाल सेकंदाला दोनच्या आसपास गोळा होते, आणि उंची, वजन, वय यांनी त्यात विशेष फरक पडत नाही. म्हणजे आपलं शरीर ज्या लयीत एरवीही चालतं, तीच लय हाउस आपल्याला परत देतं. पायाला काही नवीन शिकावं लागत नाही.

आता त्या ठोक्याच्या पोटात शिरू. ९०९ च्या ढोलाचा आवाज सुरू होताना ‘टक्’ असा बारीक असतो, मग त्याचा सूर झपाट्याने खाली घसरतो आणि साधारण पन्नास-साठ हर्ट्झपाशी (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपाशी) जाऊन विरतो. ‘टक्’ कानाला वेळ सांगतो, खालचा ‘धम्म’ छातीला. मंडपात पोरं ‘भो, बेस वाढव!’ असं ओरडतात तेव्हा ती एक खरी, मोजता येणारी गोष्ट मागत असतात. २०१४ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की दोन सूर एकत्र वाजत असताना खालच्या सुराची वेळ किंचित चुकली तर मेंदूला ती चूक वरच्या सुरातल्या चुकीपेक्षा जास्त जाणवते. म्हणून ताल धरण्याचं काम जगभर खालच्या आवाजाकडे आलेलं दिसतं. सातपुड्यात काठीच्या होळीला रात्रभर नाचणाऱ्यांच्या कमरेला घुंगरू असतात आणि सोबत मोठाले ढोल असतात. खाली ढोल, वर घुंगरू, ही वाटणी आणि ९०९ मधली किक (खालचा ढोल) आणि हाय-हॅट (वरची बारीक झांज) यांची वाटणी एकच आहे.

त्याच विद्यापीठात डॅनियल कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला. ‘ऑर्फक्स’ या इलेक्ट्रॉनिक जोडीचा कार्यक्रम चालू होता. ८ ते ३७ हर्ट्झ इतका खालचा आवाज काढणारे खास स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले जात होते. ते कधी चालू आहेत हे श्रोत्यांना ओळखता येत नव्हतं. तरीही स्पीकर चालू असताना माणसं सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होती. २०२२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न ऐकलेला आवाज माणसाला हलवतो कसा? कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारी इंद्रियं आहेत. मोठ्या आवाजातला खालचा सूर त्यांनाही हलवतो, त्वचेलाही थरथरवतो, आणि या दोन्ही संवेदनांचं हालचालीच्या यंत्रणेशी घट्ट नातं आहे. ऐकणं वगळून थेट अंगाला मिळालेला निरोपच तो.

पण नुसता ठोका म्हणजे संगीत नव्हे. तसं असतं तर पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावरही लोक नाचले असते. मेंदू ठोका ऐकून थांबत नाही, पुढचा कधी पडणार याचा अंदाज बांधतो. ही क्षमता इतकी मुळातली आहे की २००९ साली हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ताल ऐकवून त्यातला महत्त्वाचा ठोका मधूनच गाळला, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या लहरींत ‘इथे काहीतरी हवं होतं’ अशी नोंद उमटली. नाचण्याची मजा या अंदाजाशी खेळण्यात आहे. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ड्रमचे पन्नास नमुने लोकांना ऐकवले. ज्यात ठोके अगदी सरळ होते ते कंटाळवाणे वाटले, ज्यात फार वेडेवाकडे होते त्यांत पाय अडखळले. ठोका मध्यम प्रमाणात ‘आड’, म्हणजे सरळ मात्रेच्या मधे, पडत होता तिथे नाचावंसं सर्वाधिक वाटलं. हाउसची खरी हुशारी इथे आहे: किक हट्टाने सरळ ठेवायची आणि बाकी सगळ्यांनी तिच्या आडून खेळायचं.

हे ऐकायचं असेल तर रॉबिन एस. या गायिकेचं ‘शो मी लव्ह’ लावा, पण स्टोनब्रिज या स्वीडिश निर्मात्याचं रिमिक्स. तेच जगभर गाजलं. खाली किक सरळ चालते आणि कोर्ग एम-१ या कीबोर्डमधला ऑर्गनसारखा बेस तिच्या मधल्या जागांत उड्या मारतो. एका पायाने किक धरा आणि हाताने बेस वाजवून पाहा. हात आणि पाय एकत्र पडत नाहीत, तरी दोघांचं जमतं.

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं १९९७ सालचं ‘अराउंड द वर्ल्ड’ वेगळ्या कारणाने ऐकण्यासारखं आहे. त्यात शब्द तीनच, आणि अल्बममधल्या आवृत्तीत ते १४४ वेळा येतात. कंटाळा का येत नाही? डायना डॉइच या संशोधिकेच्या लक्षात आलं होतं, की साधं बोललेलं वाक्यही पुन:पुन्हा वाजवलं की ते गायलेलं वाटू लागतं. अर्थ झिजतो आणि सूर वर येतो. अर्थातून मोकळा झाला की कान बेसच्या चालीकडे, मग टाळ्यांकडे, मग बारीक झांजेकडे फिरतो. गाणं तेच राहतं, लक्ष हलतं.

यंत्रांचा आवाज ठळक असलेल्या इलेक्ट्रोच्या बाजूला गेलात तर बेनी बेनासीचं २००२ सालचं ‘सॅटिस्फॅक्शन’ आणि एरिक प्रिड्झचं २००४ सालचं ‘कॉल ऑन मी’ लागोपाठ ऐका. दोन्हींत आवाज श्वास घेतल्यासारखा खालीवर होतो. किक पडली की बाकीचे आवाज आपोआप दबतात आणि किक संपताच फुगून वर येतात. याला साइडचेन म्हणतात. यामागे कानाची एक अडचण आहे. जोरदार खालचा सूर शंखातल्या पडद्याला अशा रीतीने हलवतो की त्याच्या वरचे सूर झाकले जातात. दोघे एकदम वाजले तर चिखल होतो. म्हणून एकाने क्षणभर वाट सोडायची. त्यातून दोन ठोक्यांच्या मधोमध एक उसळी तयार होते, आणि गर्दी नेमकी त्याच वेळी वर उडी घेते.

रिमिक्सचा प्रश्न याहून अवघड, आणि आपल्याकडे तोच जास्त महत्त्वाचा. समजा एखादं जुनं अहिराणी गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं आहे आणि ते १२५ वर न्यायचं आहे. तबकडीच्या काळात वेग वाढवला की सूरही चढायचा. टेक्निक्सच्या प्रसिद्ध एसएल-१२०० एमके-२ टर्नटेबलवर वेग ८ टक्क्यांपर्यंतच कमीजास्त करता येतो. २५ टक्के वाढवला असता तर गाणारी जवळपास चार अर्धस्वर वर चढून चिमणीसारखी किलबिलली असती. आता संगणक आवाजाचे बारीक तुकडे पाडून त्यांतल्या कंपनांचा हिशेब ठेवतो आणि सूर न हलवता वेळ आक्रसून देतो. १९६६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत टेलिफोनच्या संशोधनातून निघालेली ही युक्ती आज जळगावातल्या कुठल्याही पोराच्या लॅपटॉपवर चालते.

वेग जुळला तरी चाल जुळायला हवी. आपल्याकडची बरीच लोकगीतं सहाच्या चालीत डुलतात. त्यांच्याखाली चारचा सरळ ठोका बसतो कसा? सहाचे दोन भाग पडतात, तीन-तीनचे. दर तिसऱ्या मात्रेवर किक टाकली की ती एकसारखी चालत राहते आणि वरचं गाणं आपला झोका सोडत नाही. दर दुसऱ्या मात्रेवर टाकली तर सहाचे तीन भाग होतात आणि त्याच गाण्याचा तोल वेगळा लागतो. २००५ साली जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांवर हेच तपासलं होतं. सहा मात्रांचा, कुठेही जोर नसलेला ताल लावून काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं तशाच जोराचा ताल ते जास्त वेळ ऐकत राहिलं. ताल कानात ठरतो तितकाच अंगातही ठरतो. रिमिक्स करणारा किक टाकताना खरं तर नाचणाऱ्याला कसं झुलवायचं हे ठरवत असतो, आणि चांगल्या रिमिक्सची माझी कसोटी तीच आहे.

शेजारच्या गावातल्या डीजेचा बेस कापसाच्या आणि केळीच्या रानांवरून इतक्या दूर कसा येतो, तेही इथेच सांगतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची लांबी सुमारे सात मीटर असते, त्यामुळे तो घरं आणि झाडं वळसा घालून ओलांडतो, आणि हवाही त्याला फारशी शोषत नाही. वरचे सूर वाटेतच विरतात. उन्हाळ्यात दिवसा तापलेल्या जमिनीमुळे आवाज वरच्या दिशेने वळतो. सूर्य बुडाल्यावर जमीन आधी थंडावते, वर हवा उबदार राहते, आणि आवाज पुन्हा खाली वाकतो. म्हणून दुपारी न ऐकू येणारी वरात रात्री अंथरुणात ऐकू येते, फक्त धम्-धम् इतकीच.

आणि कान जपा, हे मी कळकळीने सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०१ डेसिबलला आठवडाभरात मिळून वीसएक मिनिटंच उरतात. गाडीसमोर वीस मिनिटं कधी निघून जातात कळतही नाही. शंखातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. उघड्यावर एकाच स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो. फोमचे बोळे वरचे सूर जास्त अडवतात आणि खालचा ठोका अंगातून पोचतोच, त्यामुळे नाच फारसा अडत नाही. लहान मुलांना तर स्पीकरच्या जवळ मुळीच नेऊ नका.

आता माझ्या यादीतली शेवटची तबकडी, आणि ती मुंबईची आहे. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललित, यमन, मालकंस, सगळे त्यात आहेत. टीबी-३०३ बेस गिटारच्या जागी वापरायला बनवलं होतं, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि रागाला मींड हवीच असते. शिकागोत त्याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ निघालं ते १९८७ साली. सिंग यांच्या तबकडीकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही आणि शिकागोच्या पोरांपर्यंत ती पोचल्याचं दिसत नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या डीजेंना ती इतकी अ‍ॅसिड हाउससारखी (म्हणजे ३०३ च्या घसरत्या सुराच्या हाउससारखी) वाटली, की काहींना तिचं साल खरं आहे यावर विश्वासच बसेना. हेडफोन लावून आधी भैरव ऐका, लगेच ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ लावा, आणि दोन्हींत ३०३ चा सूर कुठे कुठे घसरतो तेवढंच मोजत जा.