बीसीएम बदलण्याआधी कपलर काढून बघा

जुलैतला पाऊस लागून राहिला की पुण्यात गाड्यांना विचित्र आजार जडतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो, काच अर्ध्यात अडते, सेंट्रल लॉक आपोआप उघडतं. ‘बीसीएम गेला’ असं ऐकून मालक नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालतो. पण त्या बीसीएमच्या पेटीचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, उघडून कोणी बघितला का?

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, वायपर, काचा, लॉक यांचा कारभार बघणारी ही पेटी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डखाली असते. स्विच तिला फक्त काही मिलिअँपिअरचा इशारा देतो आणि दिव्याला लागणारा करंट ती सोडते. त्यामुळे तिच्या कपलरांत जाड आणि बारीक अशा दोन्ही वायरी येतात, आणि दोघींची दुखणी वेगळी.

५५ वॉटचा हेडलाइट साधारण साडेचार अँपिअर घेतो. घट्ट बसलेल्या पिनचा रोध काही मिलिओहमच असतो. तो अर्ध्या ओहमवर गेला, तर दोनेक व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि तेवढ्याशा पिनमध्ये आठेक वॉट उष्णता तयार होते. दिवा मंद होतो, कपलरचं प्लास्टिक तपकिरी पडतं.

बारीक वायरीचं दुखणं जास्त फसवं. पिनांवर बहुतेक वेळा कथलाचा मुलामा असतो. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पिन अगदी सूक्ष्म घासत राहते, उघड्या पडलेल्या कथलाचं ऑक्साइड होतं आणि काळपट पूड साचते. एवढासा करंट तो थर भेदू शकत नाही. मग स्विच दाबल्याचं पेटीला कधी कळतं, कधी नाही.

त्यात पाणी. वायपरखालच्या जाळीत पानं साचून निचरा तुंबला की ते आत उतरतं. कुठेतरी वायरीचं आवरण कापलेलं असेल, तर तांब्याच्या बारीक तारांमधून केशाकर्षणाने पाणी कपलरपर्यंत चढतं. बाहेरून सगळं कोरडंच दिसतं. बारा व्होल्टची पिन आणि शेजारची अर्थची पिन यांच्यात पाणी आलं की विद्युत अपघटन सुरू होतं. बॅटरी जोडलेली असल्याने ते गाडी उभी असतानाही चालूच राहतं. देवघरातल्या तांब्यावर चढतो तसा हिरवट थर इथेही दिसतो.

बघताना आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, मग कपलरचं लॉक सोडवा. टॉर्चच्या उजेडात हिरवा थर, काळी पूड, मागे सरकलेली पिन शोधा. मल्टिमीटरची जाड प्रोब पुढून खुपसू नका. टर्मिनलचा जबडा फाकतो आणि नवाच लूज कॉन्टॅक्ट तयार होतो. मोजायचं तर वायरीच्या बाजूने, बारीक पिन वापरून.

गाडीत बीसीएमसारख्या आणखीही पेट्या असतात. त्यांच्यातला संवाद चालतो तो बॉशने १९८६मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीच्या पिळलेल्या दोन वायरींवरून. हाय-स्पीड कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. बॅटरी काढून त्या दोन वायरींत साधारण ६० ओहम मिळाले, तर जोडणी शाबूत आहे. १२० दिसले, तर एका टोकाची जोडणी तुटली आहे. पुढचा शोध त्या टोकाकडच्या कपलरपासून सुरू करायचा.