चर्चमध्ये लग्न करायचंय? कॅथलिक विवाहाची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

हॉल बुक झाला, पत्रिका छापायला गेल्या आणि मग जोडपं धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या) ऑफिसात आलं, असं फार वेळा होतं. क्रम उलटा हवा. लग्नाच्या किमान तीन महिने आधी फादरांना भेटा. जोडीदार ख्रिस्ती नसेल, किंवा दोघांपैकी कुणी परदेशात असेल, तर सहा महिने आधी. चर्चने तारीख पक्की केल्यावरच हॉलवाल्याला आगाऊ रक्कम द्या.

पुढची सगळी कागदपत्रं एकाच गोष्टीतून निघतात, ती आधी समजून घ्या. कॅथलिक शिकवणीप्रमाणे लग्न फादर लावत नाहीत. वधू-वर एकमेकांना संमती देतात आणि त्या संमतीनेच लग्न होतं. फादर चर्चच्या वतीने ती विचारतात आणि स्वीकारतात. दोघांचाही स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेला असेल तर हेच लग्न पवित्र संस्कार ठरतं. म्हणून चर्च तीन गोष्टी तपासतं: संमती मनापासूनची आहे का, दोघं लग्नाला मोकळे आहेत का, आणि संमती अधिकार असलेल्या धर्मगुरूसमोर, दोन साक्षीदारांदेखत दिली जाणार आहे का. ही तिसरी अट १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातली. त्याआधी गुपचूप लग्न करून पुढे ते नाकारायचं आणि दुसरीशी उघडपणे लग्न करायचं, असे प्रकार होत.

कोणते कागद लागतात

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे स्नानसंस्काराचा दाखला, आणि तो नवा हवा, सहा महिन्यांच्या आत काढलेला. लहानपणी मिळालेला, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला दाखला चालत नाही, आणि याचाच लोकांना राग येतो. कारण असं आहे: कॅथलिक माणसाचं लग्न कुठेही लागलं, तरी त्याची खबर स्नानसंस्कार झालेल्या धर्मग्रामाला कळवतात आणि तिथल्या मूळ नोंदवहीत, त्याच्या नावासमोरच्या समासात, लग्नाची तारीख, ठिकाण आणि जोडीदाराचं नाव लिहिलं जातं. ताजा दाखला काढला की तो समासही पाहिला जातो. आधी लग्न झालं असेल तर ते तिथेच दिसतं.

नावांचा घोळ इथेच सापडतो. नोंदवहीत एक नाव, आधारवर दुसरं. आडनाव एका कागदावर रॉड्रिग्ज, दुसऱ्यावर रॉड्रिक्स. पुढे पासपोर्ट आणि व्हिसा याच कागदांवर उभे राहतात. चर्चच्या नोंदीतली दुरुस्ती मूळ धर्मग्रामातूनच होते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळी स्पेलिंगं जुळवून पाहा.

याशिवाय दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला (तो नसला तरी लग्न अवैध होत नाही, पण शक्य असेल तर तो संस्कार आधी घ्यावा), जन्माचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र आणि लग्नाला मोकळे असल्याचं पत्र लागतं. आखातात नोकरी करणाऱ्याने हे पत्र तिथल्या धर्मग्रामातूनही आणावं. विधवा किंवा विधुर असाल तर जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. वयाची अट देशाच्या कायद्याची: मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण.

फादरांची चौकशी

फादर दोघांना वेगवेगळं बसवून शपथेवर प्रश्न विचारतात आणि उत्तरांखाली सही घेतात. घरच्यांनी दबाव आणला आहे का? मुलं होऊ द्यायचीच नाहीत असं ठरवून लग्न करताय का? जमलं नाही तर मोडू, असं मनात आहे का? काही अट घातली आहे का? हे प्रश्न उपचार म्हणून विचारलेले नसतात. ‘कॅनडाची पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाली तरच हे लग्न’ अशी भविष्यातल्या गोष्टीवर टांगलेली संमती धर्मकायद्याप्रमाणे, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे, संमतीच नव्हे. असं लग्न अवैध. आईवडील दाराबाहेर बसलेले असले तरी इथे खरं बोला. दबाव असेल तर तो सांगायची हीच जागा आहे.

त्यानंतर बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर सूचना, सहसा सलग तीन रविवारी दोघांच्या धर्मग्रामांत मिस्साच्या (रविवारच्या उपासनेच्या) वेळी वाचतात किंवा फलकावर लावतात. कुणाला अडथळा ठाऊक असेल तर त्याने तो कळवायचा असतो.

नात्यातलं लग्न हा आपल्याकडचा खास प्रश्न. मराठी समाजात मामेबहिणीशी लग्न अनेक ठिकाणी चालतं. चर्चमध्ये चालत नाही. चुलत, मामे, आते, मावस ही सगळी भावंडं नात्याचं अंतर मोजण्याच्या चर्चच्या पद्धतीत चौथ्या पायरीत येतात आणि चौथ्या पायरीपर्यंत बंदी आहे. बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, सूट देऊ शकतात, पण ती लेखी आणि लग्नाआधी हवी. गॉडफादर-गॉडमदरचं नातं मात्र १९८३ च्या धर्मकायद्यापासून अडथळा राहिलेलं नाही.

जोडीदार कॅथलिक नसेल तर

इथे दोन शब्द वेगळे ठेवा: परवानगी आणि सूट. जोडीदार प्रोटेस्टंट असेल आणि त्याचा बाप्तिस्मा चर्चला मान्य असेल, तर बिशपांची परवानगी लागते. ती राहून गेली तर नियमभंग होतो, पण तेवढ्याने लग्न अवैध होत नाही. जोडीदार हिंदू, बौद्ध, मुस्लिम असेल तर सूट लागते, आणि ती नसेल तर लग्नच अवैध. सूट घेऊन झालेलं लग्न चर्चच्या दृष्टीने पूर्ण वैध असतं, फक्त त्याला संस्कार म्हणत नाहीत. दोन्ही प्रकारांत कॅथलिक व्यक्ती वचन देते की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा स्नानसंस्कार व्हावा म्हणून माझ्या परीने सगळं करीन. दुसऱ्या पक्षाला या वचनाची कल्पना द्यायची असते. त्याने धर्म बदलावा अशी अट नाही. कुणी तसं सांगत असेल तर थेट फादरांना विचारा.

फक्त रजिस्टर लग्न केलेल्या कॅथलिकाचं लग्न चर्चला वैध वाटत नाही, पण ते नंतर चर्चमध्ये वैध करून घेता येतं.

कायद्याची बाजू

महाराष्ट्रात १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चर्चमधलं लग्न या कायद्यात बसतं. वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. कॅथलिक धर्मगुरूंना बिशपांच्या परवान्याने यापलीकडे जाता येतं. प्रोटेस्टंट मंडळ्या लग्न पवित्र मानतात, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच संस्कार धरतात. तिथे कायद्याच्या दृष्टीने पाहायची गोष्ट म्हणजे पाळकांचा अधिकार. बिशपांकडून दीक्षा नसलेल्या पाळकांना सरकारी परवाना लागतो. परवाना पाहायला मागण्यात संकोच करू नका. अधिकार नसताना लग्न लावणं या कायद्याखाली गुन्हा आहे.

कॅथलिकांकडेही अशी एक चूक होते. नात्यातले फादर लांबून येऊन लग्न लावणार असतील तर त्यांना स्थानिक प्रमुख धर्मगुरूंनी अधिकार द्यावा लागतो. तो लेखी घ्या आणि कागदांना जोडा. तो नसेल तर लग्नाची वैधताच अडचणीत येते.

घटस्फोटितांसाठी चर्च आणि कोर्ट ही दोन्ही दारं वेगळी आहेत. कोर्टाचा घटस्फोट चर्चला पुरत नाही. आधीचं लग्न मुळातच अवैध होतं असा धर्मप्रांताच्या न्यायालयाचा निर्णय लागतो. चर्चच्या कायद्यातल्या २०१५ च्या सुधारणेनंतर त्यावर दुसऱ्या न्यायालयाच्या शिक्कामोर्तबाची सक्ती राहिली नाही. उलट, चर्चचा निर्णय सरकारला पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केलं. नुसत्या चर्चच्या निर्णयावर दुसरं लग्न केलं तर द्विविवाहाचा खटला होऊ शकतो.

गोव्यात लग्न असेल तर १८७२ चा कायदा तिथे लागू नाही. आधी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर जाऊन जाहीरनामा द्यायचा, त्यांचं ना-हरकत पत्र घ्यायचं आणि मगच चर्च. मालमत्तेबद्दल वेगळा करार करायचा असेल तर तो लग्नाआधीच. नाही केला तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते.

लग्नाच्या दिवशी वधू-वर, दोन साक्षीदार आणि फादर अशा पाच सह्या नोंदवहीत होतात. साक्षीदारांनी संमतीचे शब्द प्रत्यक्ष ऐकलेले हवेत, म्हणून त्यांना फोटोसाठी बाहेर पाठवू नका. घाईत सही करण्याआधी नाव आणि जन्मतारीख एकदा वाचा. महिन्याभराने दोघांच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामांत विचारा, समासात नोंद चढली का.