लिनक्सवर चालणारे राउटर : डब्ल्यूआरटी५४जी ते ओपनडब्ल्यूआरटी वन

घरोघरी दिसणारा वाय-फाय राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात स्वतःच्या गरजेप्रमाणे फेरफार करण्याची वाट मात्र एका विशिष्ट उपकरणामुळे खुली झाली. लिंक्सिस कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. त्यात ब्रॉडकॉमची चिप, १६ एमबी रॅम आणि ४ एमबी फ्लॅश मेमरी होती. पुढल्या वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) जाणकारांच्या लक्षात आले, की या राउटरमध्ये लिनक्स असूनही लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्यानुसार ग्राहकाला द्यावयाचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) कंपनीने दिलेलाच नाही. पाठपुरावा झाला, हा परवाना तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही लक्ष घातले आणि २००३ सालीच कोड खुला करावा लागला. याचे श्रेय परवान्यातील अटीला आणि ती पाळायला लावणाऱ्यांना जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

राउटरच्या आत शिरण्याची पहिली युक्तीही नोंद घेण्याजोगी आहे. त्याच्या सेटिंगमध्ये जोडणी तपासण्यासाठी ‘पिंग’ची चौकट होती, तिथे पत्त्याबरोबर लिनक्सची कमांड घुसडली, की राउटर ती चालवत असे. या मार्गाने ‘बूट वेट’ ही सेटिंग चालू करून ठेवली, की वीज जोडल्यानंतर बूटलोडर (सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) काही सेकंद थांबे आणि तेवढ्या अवधीत टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने नवे फर्मवेअर (राउटर चालवणारे अंगभूत सॉफ्टवेअर) पाठवता येई. त्यामुळे प्रयोग फसला तरी राउटर वाया जात नसे, आणि लोकांचे धाडस वाढले ते यामुळेच.

जानेवारी २००४ मध्ये राउटरसाठी लिनक्सवर आधारित खुले फर्मवेअर तयार करणारा ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. आधीची पर्यायी फर्मवेअर एकसंध असत. त्यात एखादी गोष्ट वाढवायची, तर सगळे पुन्हा बांधावे लागे. ओपनडब्ल्यूआरटीने लिहिता येणारी फाइल सिस्टिम आणि पॅकेजची सोय दिल्यामुळे हवा तो प्रोग्रॅम नंतरही बसवता येऊ लागला. हार्डवेअरचे हौशी कारागीर त्याही पुढे गेले. सर्किट बोर्डावर सिरियल पोर्टसाठी रिकाम्या ठेवलेल्या जागी पिना सोल्डर करून, ३.३ व्होल्टची पातळी जुळवणारी चिप मध्ये घालून, ते कन्सोल, म्हणजे राउटरला थेट कमांड देण्याची सोय, मिळवत. एलईडी व बटणांसाठी असलेल्या, चिपच्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) वाहिन्यांना तारा जोडून त्यांनी एसडी कार्डही बसवले.

भारतात २००५ च्या आरंभी २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाय-फाय इमारतीबाहेर वापरण्यावरील परवान्याचे बंधन उठले, आणि हिमाचल प्रदेशातील धर्मशाला शहरात असेच फेरफार केलेले राउटर वापरून डोंगराळ भागात मेश नेटवर्क (राउटर एकमेकांना जोडून केलेले जाळे) उभे राहिले.

त्याच वर्षी लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त कार्यप्रणाली घातली आणि मेमरी निम्म्यावर आणली. नाराजी उमटली, तेव्हा जुन्याच क्षमतेचा, लिनक्सवर चालणारा डब्ल्यूआरटी५४जीएल वेगळा विकायला ठेवला गेला, आणि तो पुढे कित्येक वर्षे खपला. तरीही एक अडचण शिल्लक होती. वायरलेसचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) ब्रॉडकॉमने बंदिस्त ठेवल्यामुळे या राउटरवरचे फर्मवेअर लिनक्सच्या जुन्या २.४ कर्नेलशी (गाभ्याशी) जखडून राहिले होते. त्यावर स्वयंसेवकांनी शिस्तबद्ध तोडगा काढला. एका गटाने चिपचे वर्तन तपासून त्याचे लेखी वर्णन तयार केले, दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून ड्रायव्हर लिहिला, आणि तो २००६ मध्ये मूळ कर्नेलमध्ये दाखल झाला. हे काम किती चिकाटीचे होते, याची कल्पना आजच्या वापरकर्त्याला क्वचितच असते.

परवान्याचा प्रश्नही कायमचा मिटला नव्हता. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा दाखल केला. मे २००९ मध्ये तडजोड होऊन, लिंक्सिसच्या उत्पादनांत परवान्यांचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी खास संचालक नेमण्याचे सिस्कोने मान्य केले.

२०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणारी संस्था आणि बनाना पाय हे हार्डवेअर बनवणारे यांच्या साथीने ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा स्वतःचा राउटर आणला. त्यात मीडियाटेकची चिप आणि १ जीबी रॅम आहे, सिरियल कन्सोल यूएसबी-सी केबलने मिळतो, आणि बिघाड झाल्यास राउटर पुन्हा उभा करण्यासाठी वेगळी, लेखन-संरक्षित फ्लॅश मेमरी दिलेली आहे.