रेतीच्या टेकड्यांवरचं कन्व्हॉय ड्रायव्हिंग

वाळवंटातल्या रेतीच्या टेकड्यांवरून चार-पाच ते पंधरा-वीस फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाड्यांचा ताफा, म्हणजे कन्व्हॉय, ठरलेल्या क्रमाने, एकीच्या चाकोरीतून दुसरी असा नेणं म्हणजे ड्यून ड्रायव्हिंग. दुबईत टुरिस्टांना लँड क्रूझरमध्ये बसवून अर्धा तास किंचाळायला लावतात ते ड्यून बॅशिंग, ते याचं चुलत भावंड, पण ही नोंद त्याबद्दल नाही. इथे गाडी आपली, स्टिअरिंग आपल्या हातात, आणि फसली तर फावडंही आपणच मारायचं.

इकडे विदर्भात वाळूला रेतीच म्हणतात म्हणून इथेही रेतीच लिहिलंय. नागपुरात वाळवंट नाही, पण थार, जिमनी, गुरखा या फोर बाय फोर गाड्या घेतलेली पोरं भरपूर आहेत आणि त्यांची सगळी प्रॅक्टिस हिंगणा-काटोल रोडच्या बाजूला पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या चिखलात झालेली असते. हिवाळ्यात हीच मंडळी बैतूल, इंदूर, जोधपूर करत दोन दिवसांत जैसलमेर गाठतात आणि पहिल्याच टेकडीवर फसतात. कारण चिखल जे शिकवतो त्याच्या बरोब्बर उलटं रेतीत करावं लागतं. चिखलात चाक फिरवत ठेवलं की टायरच्या खाचांतली माती उडून जाते आणि कधीकधी खाली कडक थर लागतो, गाडी निघते. रेतीला खाली असा कडक थर जवळपास लागतच नाही. चाक जागच्या जागी फिरलं की ते फक्त खड्डा खोदतं, तीन-चार सेकंदांत गाडी पोटावर बसते, आणि मग चारही चाकं हवेत असल्यासारखी मस्त फिरत राहतात पण गाडी इंचभर हलत नाही. मोठ्या खाचांचे मड टेरेन टायर, जे इथे इज्जतीचा प्रश्न असतात, ते तिथे खोदायच्या मशीनसारखे वागतात. साधे, कमी खाचांचे टायर बरे पडतात, हे ऐकून ज्याने नुकतेच साठ-सत्तर हजार घातलेत त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

रेती आणि टेकडी

कन्हान नदीच्या पात्रातली रेती आणि थारच्या वाळवंटातली रेती एक नाही. नदीची रेती जाड, टोकदार असते म्हणून ती बांधकामाला चालते. वाळवंटातली रेती वाऱ्याने घासून घासून बारीक आणि गोल झालेली, सिमेंटमध्ये नीट पकड घेत नाही, टायरलाही देत नाही. त्यामुळे नदीकाठी सराव केला म्हणून वाळवंट जमेल असं नाही, शिवाय पात्रात गाडी घालणं हा वेगळाच घोळ आहे, रेतीघाटावर ट्रकांनी खोदून ठेवलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

टेकडीला दोन बाजू असतात. वारा जिकडून येतो ती बाजू लांबट, कमी उताराची आणि दाबून बसलेली, आणि पलीकडची बाजू जिथे रेती वरून घरंगळत पडते ती उभी आणि भुसभुशीत. कोरडी रेती साधारण ३२ ते ३४ अंशांपेक्षा जास्त उतारावर टिकतच नाही, खाली सरकते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही टेकडीची पडती बाजू जवळपास याच कोनात सापडते. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूने आणि उतरायचं पडत्या बाजूने. एकाच दिशेने वारा वाहत असेल तर चंद्रकोरीसारख्या टेकड्या होतात, त्यांना बरखान म्हणतात. राजस्थानी लोक टेकडीला धोरा किंवा टीबा म्हणतात, आणि कुठला टीबा या हंगामात कुठे सरकलाय हे उंटवाल्याला जीपीएसपेक्षा जास्त माहीत असतं.

सकाळी दव पडलेलं असतं, ओलीने कण धरून राहतात, गाडी आरामात निघते. दुपारी तीच टेकडी पीठ होते. दुपारचा आणखी एक त्रास म्हणजे सूर्य डोक्यावर आला की सावल्या गायब, सगळं एकाच रंगाचं, आणि समोर दोन फुटांचा उतार आहे की पंधरा फुटांची कड हे काचेतून समजतच नाही. म्हणून अनुभवी ग्रुप पहाटे निघतात, बारा ते तीन खेजडीच्या झाडाच्या सावलीत डबे उघडतात आणि उरलेलं नंतर.

हवा

या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची आणि फुकट गोष्ट म्हणजे टायरमधली हवा काढणं. रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असते ती रेतीत १५ ते १८ वर आणतात, फारच मऊ असेल किंवा गाडी फसलीच असेल तर १०-१२. लोकांना वाटतं टायर रुंद होतो. तो मुख्यतः लांब होतो, जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो, गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं आणि ती रेतीत घुसण्याऐवजी वर तरंगते. हायवेवरून आलेल्या गरम टायरमध्ये दोन-चार पीएसआय जास्तच दिसतात हे लक्षात ठेवावं लागतं. हवा कमी असताना स्टिअरिंग झटक्याने कापलं तर टायर रिमवरून निघतो, म्हणून वळणं मोठी आणि हळू घ्यायची.

ही युक्ती कोणी पसरवली म्हणाल तर राल्फ बॅगनोल्ड हे नाव घ्यावं लागतं. ब्रिटिश आर्मीतला इंजिनिअर, १९२० आणि ३० च्या दशकांत सुट्टीच्या दिवसांत मित्रांना घेऊन साध्या फोर्ड गाड्यांनी इजिप्त-लिबियाचं वाळवंट पालथं घालायचा. टू व्हील ड्राइव्ह गाड्या बरं का. टायर मऊ ठेवायचे, फसलं की चाकाखाली लोखंडी पत्र्याचे चॅनेल सरकवायचे, रेडिएटरची उकळून जाणारी वाफ डब्यात धरून पाणी परत वापरायचं, चुंबकी होकायंत्र गाडीच्या लोखंडाने बिघडतं म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र, हे सगळं त्या सहलींतून निघालं. १९४० मध्ये त्याच अनुभवावर त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही लष्करी तुकडी उभारली, आणि १९४१ मध्ये वाऱ्याने रेती कशी उडते, टेकडी कशी बनते यावर पुस्तक लिहिलं जे वाळवंटाचा अभ्यास करणारे आजही चाळतात. आता मिळणारे प्लास्टिकचे रंगीत सँड ट्रॅक म्हणजे त्याच लोखंडी चॅनेलची नातवंडं.

कन्व्हॉय कसा चालतो

सगळ्यात पुढे लीड. तो वाट शोधतो, प्रत्येक कडेवर, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर, पलीकडे काय आहे ते बघतो, रेडिओवर सांगतो. त्याच्या मागे सहसा सगळ्यात नवखा ड्रायव्हर ठेवतात, म्हणजे त्याला ताजी चाकोरी मिळते आणि लीडला तो आरशात दिसत राहतो. मधे बाकीचे. सगळ्यात शेवटी स्वीप, म्हणजे शेपूट सांभाळणारा, आणि माझ्या मते तोच खरा ड्रायव्हर. लीडला फोटो मिळतात, स्वीपला सगळ्यांची धूळ आणि सगळ्यांची टोचनं, म्हणजे फसलेल्या गाड्या दोराने ओढणं. त्याच्याकडे दोर, फावडं, कंप्रेसर, पाणी आणि भरपूर पेशन्स लागतो. क्रम मोडायचा नाही, ओव्हरटेक नाही, आणि प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं: ती आरशात दिसेनाशी झाली की थांबायचं, मग पुढचा थांबतो, मग लीडला कळतं. सगळी साखळी या एका नियमावर चालते.

दोन गाड्यांत एक पूर्ण टेकडी एवढं अंतर ठेवतात. पुढचा चढून पलीकडे उतरला, रेडिओवर क्लिअर म्हणाला, की मगच पुढच्याने धाव घ्यायची. हे न पाळल्यामुळे कडेवर थांबलेल्या गाडीवर खालून आलेली गाडी आदळते. टेकडीपलीकडून गाडी दिसावी म्हणून उंच काठीवर झेंडा लावतात, कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल सँड ड्यून्समध्ये तर जमिनीपासून आठ फूट उंच झेंडा सक्तीचाच आहे.

चढण सरळ घ्यायची, तिरकी नाही. वेग खाली सपाटीवर कमवायचा आणि कडेच्या जरा आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, म्हणजे गाडी उडत नाही, नाक हलकेच पलीकडे झुकतं. अर्ध्यात दम संपला तर वळायचा प्रयत्न करायचा नाही, रिव्हर्स टाकून आपल्याच चाकोरीतून सरळ खाली. उतरताना ब्रेक नाही, खालचा गिअर किंवा फोर-लो (फोर बाय फोरची सगळ्यात हळू, जास्त जोराची सेटिंग). गाडीची शेपूट घसरून आडवी व्हायला लागली तर मन ब्रेक मार म्हणतं, पण करायचं उलटं: स्टिअरिंग उताराच्या दिशेने आणि थोडा ॲक्सिलरेटर. थांबायचं असेल तेव्हाही ब्रेक न मारता आपोआप थांबू द्यायचं, ब्रेक मारला की चाकासमोर रेतीचा ढीग जमतो आणि निघताना तोच आडवा येतो. शक्यतो नाक उताराकडे करून थांबायचं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद, नाहीतर ऐन चढणीवर कॉम्प्युटरच इंजिनचा दम तोडतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, चाक दणका मारतं तेव्हा अंगठा जातो.

फसली तर

जैसलमेरजवळच्या सम गावाच्या पलीकडे आमच्या पाच गाड्या होत्या. तिसऱ्या नंबरच्या थारवाल्याने, इथला चिखलाचा बादशहा, कडेवर घाबरून ब्रेक मारला आणि मग सवयीने रेस. स्वीपवाले काका रेडिओवर शांतपणे सांगून राहिले, "दादा, पाय काढ. काहीच करू नको. हात पण काढ." याने आणखी दोनदा रेस दिली. गाडी दारापर्यंत बसली, क्लचचा वास आम्हाला खालपर्यंत आला. काका चालत वर गेले, आधी त्याला पाण्याची बाटली दिली, मग खिशातून किल्ली काढून तिच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबत चारही टायर १२ वर आणले, फुसफुस आवाज, गेज, परत फुसफुस. मग चाकांच्या मागची आणि पोटाखालची रेती आम्ही हाताने उपसली, कारण फावड्याने उपसली की वरची तेवढीच घरंगळत परत येत होती. वीस मिनिटांनी गाडी रिव्हर्समध्ये, रेस न देता, म्हशीसारखी सावकाश बाहेर आली. दोर काढावाच लागला नाही. तो पोरगा संध्याकाळपर्यंत काही बोलला नाही, काकांच्या मागे मागे फिरत होता.

दोर काढावा लागलाच तर कायनेटिक दोर, नायलॉनचा, जो ताणला जाऊन झटका सावकाश देतो. तो फक्त चेसीला बसवलेल्या रेटेड, म्हणजे किती भार पेलतो ते ठरवून दिलेल्या, हुकला लावायचा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, म्हणजे बॉल हिचला, कधीच नाही, तो तुटून गोळीसारखा उडतो आणि लोक मेलेले आहेत. दोरावर मधोमध ओली सतरंजी किंवा जाड जॅकेट टाकायचं आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करायचं. मोबाइलवर शूट करायला पुढे येणाऱ्याला नागपुरी भाषेत जे सांगायचं ते सांगायचं.

कुठे चालतं

आखातात हा पक्का वीकेंडचा छंद आहे, तिथे नोकरीला असलेले कितीतरी मराठी लोक यातच गाडी शिकतात. पूर्वी शुक्रवारची सकाळ ठरलेली असायची, २०२२ पासून अमिरातीत सुट्टी शनिवार-रविवारवर गेली तसे ड्राइव्हही सरकले. अबू धाबीच्या लिवाजवळची मोरीब टेकडी साधारण ३०० मीटर उंच आहे, तिच्यावर चढायच्या शर्यती होतात, आणि तिथूनच साडेसहा लाख चौरस किलोमीटरचं ‘रुब अल खाली’ नावाचं वाळवंट सुरू होतं. किनाऱ्याजवळ सबखा नावाची खारट सपाट जमीन लागते, वरून पापडासारखी कडक आणि खाली चिखल. टेकडीवर फसलेली गाडी तासाभरात निघते, सबखात फसलेली कधीकधी दुसऱ्या दिवशी. रॅलीचं जग वेगळं, डकार १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून सुरू झाली आणि २०२० पासून सौदीत होते. २०१५ मध्ये मोटरसायकलवर ती पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष.

आपल्याकडे म्हणजे थार, त्यातही जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं सम, आणि खुडी. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण इथे आखातासारखं मोकाट चालत नाही. समच्या आसपास डेझर्ट नॅशनल पार्क आहे, ३१६२ चौरस किलोमीटर, माळढोकाचं जवळपास शेवटचं मोठं घर. आपल्या सोलापूरच्या नान्नज अभयारण्यातून माळढोक जवळपास नाहीसा झाला, हे माहीत असलेल्याने तरी तिथे वाट सोडून गाडी घालू नये. हा पक्षी जमिनीवर अंडं घालतो, सहसा एकच. साँडा सरडाही जमिनीतल्या बिळातच राहतो. सीमेजवळच्या पट्ट्यात परवानगी लागते, आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन भारतात बेकायदा आहे, दुबईहून आलेल्या मित्राने बॅगेत आणला तरी. वॉकीटॉकीत ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले छोटे सेट विनापरवाना चालतात, रेंज थोडी असते पण कन्व्हॉयपुरती पुरते, मधे मोठी टेकडी आली की तीही जाते.

डांबरावर परत आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, मऊ टायर हायवेवर तापून फाटतो. छोटा कंप्रेसर एका टायरला पाच-सहा मिनिटं घेतो, पाच गाड्यांचे वीस टायर, चालू कंप्रेसर दोन, म्हणजे तासभर रस्त्याच्या कडेला चहा आणि कोणी कुठे कशी फसवली याची उजळणी. एअर फिल्टर तिथेच काढून टायरवर आपटून घेतात, मूठभर रेती निघते.