दातांच्या डॉक्टरांची मान

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत दातांच्या दवाखान्याची पाटी सारखीच असते: सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ९, रविवारी अपॉइंटमेंट घेऊनच. नोकरदार पेशंट ऑफिस सुटल्यावर येणार, पोरं क्लास आटोपून येणार. घरी ताटं मांडायच्या वेळेला डॉक्टर कुणाच्या तरी दाढेत डोकावत असतात. मग लोक सल्ले देतात: रविवारी फोन बंद ठेवा, वर्षाकाठी एखादी सहल काढा, योगासनं करा. सल्ले वाईट नाहीत. पण स्नायूंचं शास्त्र पाहिलं, तर काम आणि घर यांचं गणित आधी दवाखान्यातल्या त्या गोल स्टुलावरच जमतं किंवा बिघडतं.

एक आरसीटी, म्हणजे दाताच्या मुळातल्या नलिका साफ करून भरायची रूट कॅनल ट्रीटमेंट, जवळून पाहू. वरच्या पहिल्या दाढेला सहसा तीन मुळं असतात, पण आतल्या नलिका पुष्कळदा चार निघतात. या चौथीला डेंटिस्ट मंडळी ‘एमबी-टू’ म्हणतात. तिचं तोंड इतकं बारीक, की ते शोधण्यातच बराच वेळ जातो. काम आरशात बघून करायचं. एअरोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या यंत्राच्या, पाण्याच्या फवाऱ्यानं आरसा धूसर होतो आणि डॉक्टर नकळत थेट बघायला वाकतात. मान पुढे जाते, एका बाजूला कलते, खांदा वर चढतो. असिस्टंटनं सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) नीट धरलं नसेल तर आणखीच. पेशंट आरामात आडवा (निदान दिसायला तरी), वाकडे झालेले असतात ते डॉक्टर.

माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदांनी २०१४ मध्ये संगणकावर हिशेब मांडला: मान ३० अंश झुकली की मानेच्या कण्यावर सुमारे १८ किलोचा भार येतो, ६० अंशांत तो २७ किलोंवर जातो. हिशेब मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्यांसाठी होता, आणि तेही एक प्रारूपच. आकड्यांना फार चिकटून बसू नये, पण मान वाकवण्याची किंमत कुणाला भरावी लागते ते त्यातून कळतं.

खरी गंमत पुढे आहे. डेंटिस्टच्या हातात वजन असं काही नसतंच. जर्मनीच्या वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० मध्ये मांडलं होतं, की स्नायूनं आपल्या कमाल ताकदीच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी जोर लावला, तर तो जवळजवळ कितीही वेळ तग धरतो. पुढच्या संशोधनात हे टिकलं नाही. हलक्या कामानंही स्नायू दुखतातच. का, याचं एक उत्तर स्वीडनच्या योरान हेग यांनी १९९१ मध्ये सुचवलं. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान तंतूंचे गट जागे होतात, जोर वाढला तर मोठे येतात. काम उतरलं की मोठे आधी सुटतात, लहान शेवटी. म्हणजे स्नायू पूर्ण सैल पडत नाही तोवर या लहान गटांना सुट्टीच नाही. सगळ्यांआधी उठून सगळ्यांनंतर पाठ टेकणाऱ्या घरच्या सुनेसारखी त्यांची गत. हेग यांनी त्यांना परीकथेतल्या सिंड्रेलाचं नाव दिलं. हे अजून गृहीतकच आहे, पण डेंटिस्टच्या खांद्याला ते चपखल बसतं. २००९ मधल्या एका आढाव्यात वेगवेगळ्या देशांतल्या दंतव्यावसायिकांपैकी ६४ ते ९३ टक्क्यांना स्नायू-सांध्यांचं दुखणं आढळलं होतं.

हे खरं असेल, तर आठवडाभर आवळलेला खांदा रविवारी दिवसभर लोळून भरून निघणार नाही. त्याला त्याच दिवशी, कामाच्या मधेमधे, पूर्ण सैल व्हायला मिळायला हवं. अमेरिकेत सर्जनवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: शस्त्रक्रिया चालू असताना ठरावीक वेळानं दीड-दोन मिनिटं थांबून मान-खांदे ताणायचे. त्रास कमी वाटला, लक्ष चांगलं लागलं आणि शस्त्रक्रियाही लांबल्या नाहीत.

मग आपल्याकडे हे का होत नाही? कारण अपॉइंटमेंटच्या वहीत ती दोन मिनिटं कुठे लिहिलेलीच नसतात. पाऊण तासाच्या आरसीटीला अर्धा तास, मधे ‘फक्त दाखवायला’ आलेले दोघे, शिवाय चेअर आणि एक्स-रे मशीनचे हप्ते. वही भरलेली दिसली की जिवाला बरं वाटतं, आणि पहिली काट त्या दोन मिनिटांवर बसते. माझ्या मते ताणाच्या व्यायामाचा तक्ता भिंतीला लावण्याआधी रिसेप्शनवरची वही सुधारावी. लूप्स, म्हणजे डेंटिस्टचे भिंगांचे चष्मे, घेताना भिंगांच्या तिरपेपणाचा कोन आपल्या बसण्याला जुळतो का, हेही बघावं. चुकीचे लूप्स मान उलट जास्त वाकवतात.

मनाचंही असंच. साबीन झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विश्रांतीचे चार घटक मोजायची पद्धत दिली. त्यातला एक म्हणजे कामापासून मनानं सुटणं. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी निघालेल्या कॅपचा फोटो पाठवला, की डॉक्टर घरी असूनही दवाखान्यातच. फिनलंडच्या सुमारे १,९०० डेंटिस्टांचा अभ्यास २००५ मध्ये आला. कामाचा भार जास्त असतानाही उमेद टिकवायला ज्या गोष्टी उपयोगी पडतात, त्यांत समव्यावसायिकांशी गाठीभेटी होत्या. एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्या आपल्या डॉक्टरांना अशी भेट घडते ती मुख्यतः सीडीईच्या, म्हणजे डेंटिस्टांच्या पुढच्या शिक्षणाच्या, कार्यक्रमात, आणि तो ठेवलेला असतो बहुतेक वेळा रविवारी.