रुचिकलिका

चव ओळखणाऱ्या पेशींचे कळीच्या आकाराचे सूक्ष्म पुंजके. ते मुख्यतः जिभेवर, शिवाय मृदुतालू, घसा व कंठच्छदावरही (श्वासनलिकेच्या तोंडावरील झडप) असतात. प्रौढ माणसात त्यांची संख्या साधारणतः २,००० ते ८,००० धरतात. एका कलिकेत ५० ते १०० पेशी असून टोकाशी रुचिरंध्र असते. लाळेत विरघळलेला पदार्थच त्यातून आत पोचतो. म्हणून पुसून कोरड्या केलेल्या जिभेवर साखरेचा कण ठेवल्यास गोडी लगेच कळत नाही.

जिभेवर दिसणारे उंचवटे म्हणजे कलिका, हा समज चुकीचा आहे. ते अंकुरक होत. कलिका त्यांच्या आवरणात असतात. जिभेला निळा खाद्यरंग लावला की संख्येने सर्वाधिक असलेले तंतुरूप अंकुरक रंग धरतात. त्यांत कलिका नसतात. मध्ये उरणारे गुलाबी ठिपके म्हणजे कवकरूप अंकुरक.

माशांतील कलिकांचे वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ लायडिख यांनी १८५१ च्या सुमारास केले. सस्तन प्राण्यांतील शोधाचे श्रेय लोव्हेन व श्वाल्बे या दोघा शरीररचनाशास्त्रज्ञांना देणे योग्य. दोघांचे स्वतंत्र लेखन १८६७ चे आहे.

शेंड्यावर गोड, मुळाशी कडू असा जिभेचा नकाशा जर्मन संशोधक हेनिग यांच्या १९०१ च्या निबंधावरून रूढ झाला. त्यांना आढळलेले फरक अल्प होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बोरिंग यांच्या १९४२ च्या आलेखामुळे ते ठळक भासले. संशोधक कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये केलेल्या फेरतपासणीतही फरक किरकोळच निघाले. हा नकाशा आता टाकून द्यावा.

गोड, कडू व उमामी (मांसाच्या रश्शासारखी रुचकर चव; जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेडा यांनी १९०८ मध्ये ओळखली) यांचे ग्रहण पेशीपटलावरील ग्राही प्रथिने करतात. एकट्या कडूसाठी सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत. आंबट व खारट चवींत आयन (विद्युतभारित कण) पेशीत शिरतात. तिखटपणा ही दाहाची संवेदना असून ती त्रिमूल तंत्रिकेने (चेहऱ्याच्या संवेदना नेणारी तंत्रिका) जाते. षड्रसांतील ‘कटु’ म्हणजे हाच तिखट. कडूला तेथे ‘तिक्त’ म्हणतात.

चव ओळखण्याच्या चाचणीत जीभ बाहेर ठेवून प्रत्येक बाजूस वेगळा थेंब देतात व उत्तर तक्त्यावर बोट ठेवून घेतात. बोलण्यासाठी जीभ आत घेतली की द्रव पसरतो आणि बाजू कळत नाही. दर थेंबानंतर चूळ भरावी. कडू चव रेंगाळते, म्हणून ती शेवटी. जिभेच्या पुढच्या भागाची रुचितंत्रिका मध्यकर्णातून जाते. त्यामुळे कानाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूची चव जाऊ शकते किंवा तोंडात धातूसारखी चव राहते.