उवा वेचणं आणि मान खाजवणं : वानरं, माकडं आणि घोड्यांमधली अंगसफाई

कळपातल्या एका जनावरानं दुसऱ्याच्या अंगावरचे केस बाजूला सारून त्यातल्या उवा, लिखा, गोचीड, सुकलेली कातडी काढणं म्हणजे उवा वेचणं. वानरं आणि माकडं हे काम हातानं करतात, घोडे पुढच्या दातानं करतात, गायी जिभेनं करतात आणि देवणी नाहीतर लाल कंधारी गाय शेजारणीची मान चाटायली हे मराठवाड्यात कोणाला नवीन नाही. दिसायला ही साफसफाईच, पण कळपात कोण कोणाचं हे बहुतेक इथंच ठरतं, म्हणून प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोक तासन्‌तास एवढंच टिपत बसतात की कोणी कोणाचं अंग किती वेळ साफ केलं आणि मग उलटून त्यानं केलं का नाही.

आपल्याकडं काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांपासून बीड-धाराशिवच्या गावांमधल्या पत्र्यांपर्यंत सगळीकडं दिसतात. लाल तोंडाच्या माकडांचं थोडं वेगळं आहे, उत्तरेतलं ऱ्हीसस आणि दक्षिणेतलं डोक्यावर केसांची टोपी असलेलं बॉनेट या दोघांमधली हद्द साधारण तापी-गोदावरीच्या आसपास धरतात, म्हणजे मराठवाडा बरोबर सीमेवर येतो, आणि गेल्या काही दशकांत ऱ्हीसस माकडं दक्षिणेकडं सरकत चाललीत.

माकडं एकमेकांच्या अंगावरचं मीठ खातात असं आपल्याकडं लहानपणापासून सांगतात. जपानी माकडांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती नेमकं काय उचलतात हे जवळून बघितलं तर ते जवळपास सगळं उवांची अंडी म्हणजे लिखाच निघाल्या. केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांमध्ये ज्यांची अंगसफाई जास्त होते त्यांच्या अंगावर गोचीड कमी सापडतात. म्हणजे आरोग्याचा फायदा खराच आहे, फक्त तेवढ्यानं सगळा हिशोब लागत नाही, कारण काही जातींची माकडं दिवसाचा पाचवा हिस्सा यात घालवतात आणि निव्वळ स्वच्छतेला एवढा वेळ लागत नाही. ज्याचं अंग साफ होतंय त्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात आणि मेंदूत एंडॉर्फिन नावाची, अफूसारखं काम करणारी द्रव्यं वाढतात, त्यामुळं ते वानर हातपाय सोडून डोळे मिटून पडलेलं दिसतं, मधेच हात वर करतं की आता इथं बघ.

यात देणंघेणं असतं आणि ते फार बारकाईनं चालतं. अंबोसेलीतल्याच व्हर्व्हेट माकडांवर १९८४ साली रॉबर्ट सायफर्थ आणि डोरोथी चेनी यांनी एक सुंदर प्रयोग केला. एका माकडानं मदतीसाठी मारलेली हाक टेप करून दुसऱ्याला ऐकवली, तर नात्यात नसलेल्या माकडानं थोड्या वेळापूर्वी आपलं अंग साफ केलेलं असेल तर ऐकणारं माकड त्या हाकेकडं जास्त वेळ बघायचं. नात्यातल्यांच्या बाबतीत असा फरक पडला नाही, तिथं उपकार मोजत नसावेत. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दुसरे संशोधक याच जातीच्या माकडांवर अजून पुढं गेले, टोळीतल्या खालच्या दर्जाच्या मादीलाच उघडता येईल असा सफरचंदांचा डबा ठेवला, तर लगेच बाकीची माकडं तिचं अंग जास्त वेळ साफ करायला लागली. मग दुसरीलाही तसा डबा उघडता यायला लागला तेव्हा पहिलीचा भाव उतरला.

आपल्या वानरांच्या टोळीत बहुतेक वेळा एकच मोठा नर असतो, बाकी माद्या आणि पिल्लं, आणि टोळी खरी टिकते ती या माद्यांच्या आपसातल्या नात्यावर, नर बदलत राहतात. नवा नर आला की तान्ही पिल्लं मारतो हे सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात धारवाडजवळ टिपलं आणि तेव्हा अनेकांना ते पटलंच नव्हतं. दुसरीकडं याच माद्या जन्मल्या जन्मल्या काळपट दिसणारं पिल्लू एकमेकींकडं देतात, मावशा-काकवांसारखं सगळ्याजणी त्याला घेऊन बसतात, केस उलटेपालटे करून बघतात.

हे माहीत असलं की माजलगाव तालुक्यातल्या लवूळची २०२१ ची घटना वेगळी दिसते. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत होती, पिल्लं मेली, डिसेंबरात वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. देशभर बातमी गाजली ती कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून घेतलेला 'माकडांचा बदला' अशी, आकडे तर वाट्टेल ते फिरले. बदल्याला कसलाच पुरावा नव्हता. दुसऱ्याचं लेकरू उचलून अंगाशी धरायची सवय वानरात आधीपासूनच आहे, आणि मला तरी तो धागा बदल्यापेक्षा जास्त पटतो. उंचावर नेलेलं कुत्र्याचं पिल्लू वानराच्या पिल्लासारखं पोटाला चिकटून राहू शकत नाही, पडतं नाहीतर उपाशी मरतं.

संकटात ही नाती किती कामाला येतात हे प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर दिसलं. १९३८ मध्ये भारतातून नेलेल्या ऱ्हीसस माकडांचे वंशज तिथं राहतात. २०१७ च्या मारिया वादळानं बेटावरची झाडं गेली, सावली उरली नाही, उन्हाचा कहर झाला आणि ही भांडखोर म्हणून ओळखली जाणारी माकडं एकमेकांना जास्त सहन करायला लागली, उरलेल्या थोड्याशा सावलीत शेजारी शेजारी बसायला लागली. नंतर कळलं की ज्यांनी असे जास्त सोबती जोडले त्यांची जगण्याची शक्यता वाढली. आपल्याकडच्या मे महिन्यात एका कडुलिंबाखाली दाटीनं बसलेली टोळी बघताना हे आठवावं.

माणसानं खायला घातलं की काय होतं तर शिमल्यात जी माकडं माणसांवर नजर ठेवण्यात जास्त वेळ घालवतात त्यांना विसावा आणि अंगसफाई दोन्हीला वेळ कमी पडतो असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं. लेण्यांपाशी, देवळांपाशी बिस्किटं टाकणाऱ्यांनी टोळीचा हा वेळच खाल्लेला असतो.

घोड्यांची पद्धत वेगळी. माकडं पाळीपाळीनं करतात, घोडे एकाच वेळी. दोघं उलट्या तोंडानं शेजारी उभे राहतात आणि एकमेकांची मान, आयाळीचं बूड, आयाळ संपून पाठ सुरू होते तो उंचवटा दातानं खाजवतात. कोणासोबतही नाही, ठरलेला जोडीदार असतो. न्यूझीलंडच्या कायमानावा डोंगरातल्या रानटी घोड्यांमध्ये नात्यात नसलेल्या ज्या घोडींचं आपसात घट्ट जमतं त्यांना नराचा त्रास कमी होतो आणि त्यांची शिंगरं जास्त जगतात, हे २००९ मध्ये छापून आलं.

मराठवाड्यात घोडा म्हटलं की लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा, आणि नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याचे घोडे, जे गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानतात आणि हल्ला महल्ल्याच्या मिरवणुकीत बाहेर काढतात. बाकी वरातीची घोडी बहुतेक एकटीच ठाणावर बांधलेली, दावं आखूड, शेजारी दुसरं जनावर नाही. खाणंपिणं चांगलं असलं तरी तिचं कळपातलं रोजचं काम बंद झालेलं असतं, हे मालकांनी मनावर घ्यायला पाहिजे. दोन घोडी ओळखीच्या झाल्यावर एकमेकींच्या मानेपर्यंत पोचतील अशा बांधता आल्या तर उत्तम. ते जमत नसेल तर खरारा करतानाच जागा बघून करावा. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर १९९३ मध्ये बघितलं की घोडे एकमेकांना जिथं खाजवतात तिथंच, म्हणजे मानेच्या बुडाशी, माणसानं हातानं खाजवलं तर हृदयाचे ठोके कमी होतात, आणि जिथं ते एकमेकांना खाजवत नाहीत तिथं खाजवून तसं होत नाही. जागा बरोबर लागली की घोडी वरचा ओठ लांब करते आणि मान पुढं ताणते.